एकच चिप, सहा खोकी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एखाद्या दुकानात जाऊन ‘आरटीएक्स ४०६० दाखवा’ म्हटलं, की काउंटरवर एक नाही, सहा खोकी येतात. एकावर आसुस लिहिलेलं, दुसऱ्यावर एमएसआय, मग गिगाबाइट, झोटॅक, इनोथ्रीडी, गॅलॅक्स. प्रत्येक खोक्याच्या कोपऱ्यात एन्व्हिडियाचा हिरवा पट्टा. मेमरी सगळ्यांची ८ जीबी. किमतीत मात्र चार-पाच हजारांचा फरक. गिऱ्हाईक साहजिकच विचारतं, “यातला भरवशाचा ब्रँड कुठला?” दुकानदार एका खोक्याकडे बोट दाखवतो. ते बोट ब्रँडच्या गुणवत्तेकडे असतं की दुकानातल्या शिल्लक मालाकडे, हे त्यालाच ठाऊक.

प्रश्न रास्त आहे. पण तो ज्या रूपात विचारला जातो त्या रूपात त्याला उत्तर नाही. का नाही, हे कळायला खोक्यावर नाव असलेली कंपनी कार्डातलं नेमकं काय बनवते ते आधी पाहावं लागतं.

पीठ एका गिरणीचं

ग्राफिक्स कार्डाचा जीव म्हणजे त्यातली चिप, जीपीयू. तिचा आराखडा अमेरिकेतल्या एन्व्हिडिया, एएमडी किंवा इंटेल या कंपन्यांचा. ती प्रत्यक्ष घडते दुसरीकडेच. आरटीएक्स ४०६०ची चिप तैवानच्या टीएसएमसी या कंपनीच्या कारखान्यात तयार होते. तिच्याभोवती बसणाऱ्या मेमरीच्या चिपा सॅमसंग, मायक्रॉन आणि एसके हायनिक्स या तिघांपैकी कुणाच्या तरी असतात. म्हणजे कार्डातल्या सर्वांत महागड्या दोन गोष्टींत खोक्यावरच्या ब्रँडचा काहीच हात नसतो. गिरणी एकच, पीठ एकच. पोळ्या लाटणारे वेगवेगळे. पोळी करपली तर गिरणीला दोष देता येत नाही आणि पिठातच खडे असले तर लाटणाराही काही करू शकत नाही.

चिपवाल्या कंपन्या सगळी कार्डं स्वतःच का बनवत नाहीत? थ्रीडीएफएक्स या एके काळच्या दादा कंपनीनं तो प्रयोग करून पाहिला होता. १९९८ मध्ये तिनं एसटीबी ही कार्ड बनवणारी कंपनी विकत घेतली आणि पुढे इतरांना चिपा देणं बंद केलं. दुखावलेले कार्डवाले एन्व्हिडियाकडे गेले. दोनच वर्षांनी, डिसेंबर २००० मध्ये, थ्रीडीएफएक्सनं आपली मालमत्ता त्याच एन्व्हिडियाला विकायला काढली. तेव्हापासून धंद्याची मुख्य घडी तशीच आहे: चिप एकाची, कार्ड दुसऱ्याचं. एन्व्हिडिया आणि एएमडी स्वतःच्या नावानंही थोडी कार्डं विकतात, पण भारतीय दुकानात दिसतात ती बहुतेक भागीदारांचीच.

खोक्यावरची नावं वेगळी म्हणून मालकही वेगळे, असंही समजू नका. झोटॅक आणि इनोथ्रीडी ही दोन्ही नावं पीसी पार्टनर या एकाच समूहाची आहेत. गेनवर्ड २००५ पासून पॅलिटच्या मालकीची आहे. या ब्रँडांपैकी ‘कुठला चांगला’ यावर तावातावानं भांडणारे बऱ्याचदा दोन भावांपैकी थोरला बरा की धाकटा, यावर भांडत असतात.

ब्रँडच्या हातात काय उरतं?

उरतं ते थोडं नाही. पहिली गोष्ट म्हणजे सर्किट बोर्ड आणि त्यावरचा वीजपुरवठा. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय कार्डाला १२ व्होल्ट देतो. चिपला लागतो साधारण १ व्होल्ट. व्होल्टेज इतकं खाली आणायचं, तर करंट त्याच पटीत वाढतो. २०० वॉट खाणाऱ्या चिपला १ व्होल्टवर जवळजवळ २०० अँपिअर लागतात. घरातल्या गीझरच्या सॉकेटची मर्यादा १६ अँपिअर असते, यावरून अंदाज घ्या. एवढा करंट एका वाटेनं नेला तर ती वाट जळेल, म्हणून तो सहा, आठ, दहा वाटांत विभागतात. या वाटांना ‘फेज’ म्हणतात. त्या किती, त्यांतले भाग कुठल्या दर्जाचे आणि त्यांना वारा मिळतो का, हे ब्रँड ठरवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे थंडावा. चिपमधून निघालेली उष्णता तांब्याच्या तळातून नळ्यांत, नळ्यांतून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांत आणि तिथून पंख्यांच्या हवेत जाते. पत्र्यांचा गठ्ठा जेवढा मोठा, तेवढा पंखा हळू फिरला तरी चालतो. मेमरी आणि फेज यांच्यावर मऊ रबरासारख्या पट्ट्या, म्हणजे थर्मल पॅड, लावून त्यांचीही उष्णता त्याच गठ्ठ्यात सोडतात. पैसे वाचवायचे झाले की पहिली कात्री या पट्ट्यांवर आणि पंख्यांच्या बेअरिंगवर चालते. खोक्यावर यातलं काहीच छापलेलं नसतं. रंगीत दिव्यांचा उल्लेख मात्र ठळक असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे वॉरंटी. माझ्या मते तीच सर्वांत मोठी. तिच्याकडे पुढे येऊ.

वेगाचं काय? एकाच चिपच्या स्वस्त आणि महाग कार्डांत गेम खेळताना जेमतेम दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो. खोक्यावरच्या ‘ओसी’ (ओव्हरक्लॉक, म्हणजे वाढवलेला वेग) या अक्षरांसाठी जास्त पैसे मोजावेत, असं मला कधीच वाटलेलं नाही.

कार्ड मरतं कशानं?

बहुतेक कार्डं जास्त वापरामुळे मरत नाहीत. ती तापणं आणि निवणं यांच्या फेऱ्यांनी थकतात. चिप सिलिकॉनची, तिच्याखालची चकती वेगळ्या पदार्थाची, बोर्ड आणखी वेगळं. तापल्यावर हे तिन्ही सारखे फुगत नाहीत. त्यांना जोडणारे सोल्डरचे शेकडो बारीक गोळे मधल्या मध्ये ताणले जातात. खेळताना ७५ अंश, बंद केल्यावर ३० अंश, दुसऱ्या दिवशी पुन्हा ७५. अशा हजारो फेऱ्यांनंतर एखाद्या गोळ्याला तडा जातो, जोडणी कधी लागते, कधी तुटते आणि पडद्यावर रंगीत चौकोन नाचू लागतात. बाजारात यावर ‘रिबॉलिंग’चा उपाय सांगतात: जुने गोळे काढून नवे बसवायचे. काही ठिकाणी तर नुसती गरम हवा मारून कार्ड ‘जिवंत’ करून देतात. ती जिवंतपणाची मुदत अनेकदा काही आठवड्यांचीच ठरते.

याखेरीज पंख्यांची बेअरिंगं झिजतात, चिपची उष्णता कूलरकडे नेणारी मधली पेस्ट वाळते, वीजपुरवठ्यातले कपॅसिटर म्हातारे होतात. द्रव भरलेल्या जुन्या धाटणीच्या कपॅसिटरबाबत अभियंत्यांचा ठोकताळा असा, की तापमान १० अंशांनी वाढलं तर आयुष्य निम्मं होतं. आजच्या चांगल्या कार्डांत घन कपॅसिटर असतात आणि ते बरेच जास्त टिकतात. जड कार्ड आडवं बसवलं तर स्वतःच्या वजनानं वाकून स्लॉटजवळ बोर्डला तडा जाऊ शकतो. दीड-दोन किलोच्या कार्डाखाली टेकू लावणं हा त्यावरचा शंभर रुपयांचा इलाज आहे.

समुद्रकाठी आणखी एक शत्रू असतो, खारी दमट हवा. रत्नागिरी-मालवणकडे किंवा गोव्यात कॅबिनेट खिडकीलगत ठेवलं तर कार्डाच्या स्क्रूंवर आणि पट्टीवर गंज चढतो. गंज दिसला की सर्व्हिस सेंटरवाले ‘फिजिकल डॅमेज’ असा शेरा मारून कार्ड परत करू शकतात. विदर्भात उन्हाळ्यात कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवणारेही हाच धोका ओढवून घेतात.

बदनामी ब्रँडची, दोष बॅचचा

आजवरची काही गाजलेली प्रकरणं पाहिली, की ‘चांगला ब्रँड’ ही कल्पना किती निसरडी आहे ते दिसतं.

२००८ च्या जुलैमध्ये एन्व्हिडियानं जाहीर केलं, की लॅपटॉपमधल्या काही चिपांच्या जोडणीत वापरलेला माल कमकुवत निघाला असून त्याच्या भरपाईसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागतील. दोष थेट पिठातच होता. लॅपटॉप कुठल्या नामांकित कंपनीचा, यानं काही फरक पडला नाही.

२०२१ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनचा ‘न्यू वर्ल्ड’ हा गेम चाचणीसाठी खुला झाला आणि खेळता खेळता काहींची आरटीएक्स ३०९० कार्डं कायमची बंद पडली. त्यांत ईव्हीजीएची कार्डं उठून दिसत होती. ही अमेरिकन कंपनी ग्राहकसेवेसाठी सर्वांत नावाजलेली. तिनं मेलेली कार्डं एक्स-रेखाली तपासली, तेव्हा २०२० मधल्या सुरुवातीच्या उत्पादनात वीजपुरवठ्याच्या भागाजवळचं सोल्डरिंग नीट झालं नसल्याचं आढळलं. कार्डं अर्थातच बदलून मिळाली.

मला सर्वांत बोलकी वाटते ती २०२२ च्या डिसेंबरमधली गोष्ट. एएमडीचं आरएक्स ७९०० एक्सटीएक्स बाजारात आलं आणि काही कार्डांचा सर्वांत गरम बिंदू ११० अंशांवर जाऊन कार्ड मंदावू लागलं. या कार्डात थंडाव्यासाठी ‘व्हेपर चेंबर’ होता. म्हणजे तांब्याची चपटी, सीलबंद डबी आणि तिच्यात थोडंसं पाणी. कमी दाबामुळे ते पाणी चिपच्या उष्णतेनं चटकन वाफ होतं, वाफ डबीच्या थंड बाजूला जाऊन पुन्हा पाणी होते आणि परत फिरते. एएमडीनं जानेवारीत कबूल केलं, की काही डब्यांत पाणीच कमी भरलं गेलं होतं. मौज अशी, की एएमडीनं बनवलेलं हे मूळ घडणीचं कार्ड भागीदार कंपन्याही आपापल्या खोक्यांत घालून विकत होत्या. पण त्याच भागीदारांनी स्वतःच्या कूलरसह बनवलेली कार्डं या दोषातून सुटली. म्हणजे एकाच ब्रँडची, एकाच चिपची दोन कार्डं. एक दोषाच्या तडाख्यात सापडलेलं, दुसरं ठणठणीत.

आरटीएक्स ४०९०च्या वितळणाऱ्या जोडणीचं प्रकरणही त्याच वर्षाचं. सोळा पिनांच्या त्या छोट्या प्लगमधून ६०० वॉटपर्यंत वीज नेण्याची सोय आहे. १२ व्होल्टवर हे झाले ५० अँपिअर आणि ते वाहून न्यायला सहाच पिना. प्लग पूर्ण आत बसला नाही तर पिनांचा स्पर्श अपुरा राहतो, तिथं उष्णता साचते आणि प्लॅस्टिक वितळतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये एन्व्हिडियानं जगभरात सुमारे ५० प्रकरणं आल्याचं सांगितलं. कार्डं निरनिराळ्या ब्रँडांची होती. पुढे या प्लगची घडण सुधारली. पण तो ‘टक्’ होईपर्यंत दाबून बसवणं आजही आपल्याच हातात आहे.

नावाखाली दडलेली नावं

प्रत्येक ब्रँडच्या आत पायऱ्या असतात. आसुसमध्ये ड्युअल, टफ, स्ट्रिक्स. एमएसआयमध्ये व्हेंटस, गेमिंग, सुप्रिम. गिगाबाइटमध्ये विंडफोर्स, गेमिंग, ऑरस. एएमडीची कार्डं बनवणाऱ्या सफायरमध्ये पल्स आणि नायट्रो. खालच्या आणि वरच्या पायरीतल्या बोर्ड-कूलरमधला फरक दोन ब्रँडांमधल्या फरकापेक्षा बऱ्याचदा मोठा असतो.

पण म्हणून वरचीच पायरी घ्यावी का? चिप किती वॉट खाते, त्यावर ते ठरवावं. आरटीएक्स ४०६० फक्त ११५ वॉट घेतं. त्याला दोन साधे पंखे पुरतात. तीन पंख्यांचं भलं मोठं धूड त्यावर बसवणं ही शोभा आहे. तेच ३०० वॉटच्या वर गेलात, तर स्वस्त कूलरचं कार्ड गरम होईल, आवाज करेल आणि लवकर थकेल. तिथं वरच्या पायरीचे जादा पैसे सार्थकी लागतात.

परीक्षणं वाचताना आपली हवा मात्र विसरू नका. कूलर कार्डाला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच्या तापमानावर किती अंश चढायचे, एवढंच तो ठरवतो. २२ अंशांच्या प्रयोगशाळेत ७० अंशांवर राहिलेलं कार्ड नागपुरात मे महिन्यात ३७ अंशांच्या खोलीत, पंखे त्याच वेगानं फिरत असतील तर, ८५ च्या आसपास जाईल.

चिपचं नाव एकच आणि आतला माल वेगळा, हाही प्रकार होतो. २०१७ चं जीटी १०३० वेगवान जीडीडीआर५ मेमरीसह आलं; पुढच्या वर्षी त्याच नावानं साध्या डीडीआर४ मेमरीचं कार्ड विकायला आलं, ज्याच्या मेमरीचा वेग मूळ कार्डाच्या साधारण एकतृतीयांश होता. २०२२ मध्ये एन्व्हिडियानं ‘आरटीएक्स ४०८०’ या एकाच नावाखाली १६ जीबी आणि १२ जीबी अशी दोन अगदी निराळी कार्डं जाहीर केली. ओरड इतकी झाली, की १२ जीबीचं कार्ड विक्रीला येण्याआधीच मागं घ्यावं लागलं. म्हणून बिलावर नुसतं ‘४०६०’ नको, मॉडेलचं पूर्ण नाव हवं.

मित्राचं कार्ड जळलं म्हणून

‘अमुक ब्रँड घेऊ नकोस, माझ्या मित्राचं सहा महिन्यांत गेलं’ हा सल्ला प्रत्येकाला मिळतो. समजा, एका ब्रँडची शंभरात दोन कार्डं बिघडतात आणि दुसऱ्याची तीन. वर्षाला एका ब्रँडची चाळीस कार्डं विकणाऱ्या दुकानदारालाही हा फरक ओळखता येणार नाही. एखाद्या वर्षी चांगल्या ब्रँडची दोन परत येतील आणि वाईटाचं एकही नाही. शिवाय ज्या ब्रँडची विक्री जास्त, त्याच्या तक्रारीही जास्त कानावर येतात. स्वित्झर्लंडमधलं गॅलॅक्सस हे ऑनलाइन दुकान ब्रँडनिहाय वॉरंटी-तक्रारींचं प्रमाण ग्राहकांना दाखवतं. आपल्याकडच्या मोठ्या विक्रेत्यांनी असं काही केलं तर हा लेख लिहायची गरज उरणार नाही.

वॉरंटी कागदावरची आणि गावातली

बीएफजी ही अमेरिकन कंपनी आपल्या कार्डांवर आजीवन वॉरंटी द्यायची. २०१० मध्ये तिनं गाशा गुंडाळला आणि वॉरंटी कार्डांच्या आधीच संपली. आणि वर जिची वाखाणणी केली, त्या ईव्हीजीएनं सप्टेंबर २०२२ मध्ये एन्व्हिडियाशी संबंध तोडून ग्राफिक्स कार्डांच्या धंद्यातूनच अंग काढून घेतलं. जुन्या ग्राहकांची वॉरंटी तिनं चालू ठेवली, पण नव्या गिऱ्हाइकाला घ्यायला कार्डच उरलं नाही. ब्रँडची कीर्ती भूतकाळातली असते. आपल्याला हवी असते पुढच्या तीन वर्षांची सोय.

भारतात बहुतेक कार्डांवर तीन वर्षांची वॉरंटी मिळते. काही कंपन्या खरेदीनंतर ठरावीक दिवसांत ऑनलाइन नोंदणी केली तर आणखी दोन वर्षं वाढवून देतात; ही नोंदणी विसरणारे कमी नाहीत. प्रत्यक्ष दुरुस्तीचं काम अनेकदा कंपनी करत नाही. ते आयात करणाऱ्या वितरकाकडे किंवा ठेका घेतलेल्या सर्व्हिस सेंटरकडे असतं. म्हणून एकाच ब्रँडचा अनुभव पुण्यात उत्तम आणि लातूरमध्ये वैतागाचा असू शकतो. सेंटर आपल्या शहरात असेल तर कार्ड हातोहात देऊन पावती घेता येते. नसेल तर कुरिअर, विमा आणि ‘वाटेत तुटलं’ हा वाद आपल्या माथी येतो. दोन कार्डांच्या दर्जात फारसा फरक नसेल, तर मी डोळे मिटून जवळच्या सेंटरचं कार्ड घेईन.

अमेरिकेतून किंवा दुबईहून कुणा नातेवाइकाला ‘येताना कार्ड आण’ असं सांगण्याचा मोह होतो. किंमत कमी पडते हे खरं, पण अनेक ब्रँडांची वॉरंटी त्या त्या देशापुरतीच असते. बिघडलं, तर काकांच्या पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागतं.

चौकट : पैसे देण्याआधी

• मॉडेलचं पूर्ण नाव, मेमरी किती आणि कुठल्या प्रकारची, हे तिन्ही बिलावर येऊ द्या.
• ‘बिल नको असेल तर १८ टक्के जीएसटी वाचेल’ ही सूट घेऊ नका. पक्कं बिल नसेल तर वॉरंटी मागताना हात रिकामे.
• वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात की सीरियल नंबरवरून, ते विचारा. दुसरी पद्धत असेल, तर दुकानात पडून राहिलेले महिनेही तुमच्याच खात्यातून जातात.
• सर्व्हिस सेंटरचा पत्ता दुकानदाराकडून न घेता ब्रँडच्या भारतातल्या ग्राहकसेवेकडून घ्या. तिथं एकदा फोन करून पाहा. उचलतात का, हीच चाचणी.
• सीरियल नंबरचा फोटो काढा आणि खोकं जपून ठेवा.
• दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

जुनं कार्ड घेताना

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनानं आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर त्याचं मायनिंग करणं, म्हणजे कार्डाला गणितं सोडवायला लावून ते चलन कमावणं, संपलं. त्यानंतर मायनिंगला जुंपलेली कार्डं जुन्या बाजारात लोटली. अशा कार्डाला लोक अस्पृश्यासारखं वागवतात. ते पूर्णपणे बरोबर नाही. महिनोन्महिने एकाच तापमानावर चाललेल्या कार्डाच्या सोल्डरला तापण्या-निवण्याच्या फेऱ्या कमी सोसाव्या लागतात. झिजलेले असतात ते पंखे, पेस्ट आणि मेमरीवरचे पॅड. आणि हे तिन्ही बदलता येतात.

खरी भीती बनावट कार्डांची. एखादी दहा-बारा वर्षांपूर्वीची चिप घ्यायची, तिच्यातली प्रणाली बदलून कॉम्प्युटरला नवं नाव सांगायला लावायचं आणि नव्या खोक्यात विकायचं, हा धंदा चालतो. जीपीयू-झेड हा फुकट मिळणारा छोटा प्रोग्राम चालवला, तर तो असं सोंग अनेकदा ओळखतो आणि नावापुढे ‘फेक’ असं लिहितो. विक्रेता तो चालवू देत नसेल तर तिथंच समजून घ्या.

कार्ड अस्सल निघालं, तर वीस मिनिटं एखादा जड गेम किंवा चाचणीचा प्रोग्राम चालवून चिपचं तापमान आणि तिच्या सर्वांत गरम बिंदूचं तापमान बघा. दोहोंत २५-३० अंशांहून जास्त अंतर असेल, तर बहुधा पेस्ट वाळली आहे. ती बदलायला थोडेच पैसे लागतात. ते किमतीतून कापून मागा. पडद्यावर मात्र एक जरी रंगीत चौकोन चमकला, तर घासाघीस न करता पैसे खिशात ठेवून निघा.